‘स’ बसवताना

मागच्या वर्षी माझा स्वतःचा ऑडिओग्राम हातात आला. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांचे वाचले, त्यामुळे कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. दोन हजार हर्ट्झपर्यंत रेघ ठीक, पुढे चार हजारांपासून घसरगुंडी. वयाचा परिणाम. ‘आ’, ‘म’, ‘ब’ अजून खणखणीत ऐकू येतात. गेला तो नेमका ‘स’.

बधिर मुलांना बोलायला शिकवण्याच्या आमच्या कामात ‘स’इतका छळणारा वर्ण दुसरा नाही. ‘प’ ओठांवर दिसतो, कागदाची पट्टी हलवतो. ‘म’ म्हणताना नाकावर ठेवलेल्या बोटाला थरथर कळते. ‘क’ दिसत नाही, पण ‘त’ म्हणणाऱ्या मुलाच्या जिभेचं टोक पट्टीने दाबून धरलं की मागची जीभ आपसूक वर जाते. ‘स’ला असं काहीच नाही. गळा थरथरत नाही, ओठ काही सांगत नाहीत. मुलाच्या मनगटावर थंड हवेची बारीक धार सोडायची आणि तशीच धार त्याच्याकडून आपल्या मनगटावर मागायची. जीभ जरा पुढे सरकली की ‘साप’चा ‘थाप’, जरा मागे गेली की ‘शाप’. मनगटाला तिन्हींची हवाच लागते. खरा कुठला, ते कानच सांगतो.

बरं, सोडूनही देता येत नाही. ‘तो येतो’ आणि ‘तू येतोस’ यांत, ‘तो’-‘तू’ ओठांवरून निसटले, तर उरतो तो टोकाचा ‘स’. खिशात ठेवायच्या जुन्या मशीनमधून, म्हणजे श्रवणयंत्रातून, चार हजारांच्या वरचं फारसं काही पोचतच नसे. आमची मुलं सरसकट ‘तू कुठे जातो’ म्हणत आणि बाहेरच्यांना वाटे, व्याकरण कच्चं आहे.

माझा ‘स’ मात्र नावाजलेला होता. तपासणीला साहेब आले की माझ्या वर्गातल्या एखाद्याला ‘सरस्वती’ म्हणायला उभं करत. मी फळा पुसत पाठमोरी उभी राहायची, कान सगळा कौतुकाकडे. त्या ‘सरस्वती’चा त्या मुलाला घरी पाणी मागायला काय उपयोग, हा विचार करायला मला सवड नव्हती. दुसऱ्या वर्गाच्या बाईंच्या मुलाचा ‘स’ शिट्टीसारखा वाजला की मला आतून बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

1880 साली मिलानच्या परिषदेत, जवळपास सगळ्या ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठराव केला होता की बधिर मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणा नकोत. तो वारा आमच्या ट्रेनिंगपर्यंत पोचला होता. मुलांचे हात खाली ठेवायला लावायचे. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव झिडकारला. आता खुणांच्या भाषेवाले तरुण शिक्षक म्हणतात, वाचा शिकवणं हाच छळ. दुसरीकडे क्लिनिकवाले सांगतात, कानात इम्प्लांट करा, पोर घडाघडा बोलेल. खुणांवाल्यांचं मला निम्मं पटतं, क्लिनिकवाल्यांचं त्याहून कमी. ऑपरेशन झालं म्हणजे भाषा आली, असं समजून स्पीच बंद करणारे पालक दरवर्षी भेटतात.

तरी कबूल करायला हवं, हल्ली माझा वर्ग चालतो तो एका इम्प्लांटवरच. चौथीतली एक मुलगी ‘स’ माझ्यापेक्षा चांगला ऐकते. धाकट्यांचा उच्चार घेताना मी तिला शेजारी बसवते. हवा माझ्या मनगटावर, निकाल तिच्या मानेवर. तिने मान हलवली की मी ‘शाब्बास’ म्हणते. मुलांना वाटतं, बाईंनी ओळखलं. वाटू दे.

माझं मशीन मोल्डसकट तयार होऊन आलंय. ‘जागेपणी सतत कानात हवं’ असं आयांना दटावणारी मी ते पर्समध्ये ठेवते. केस पुढे घेऊन पाहिले, तरी दिसतं. परवा मी खडू काढताना त्या चौथीतल्या मुलीने ते पाहिलं. “बाई, तू मशीन का घालत नाहीस?” शेवटचा ‘स’ तिने नक्की म्हटला असणार. मला उत्तर सुचेना, म्हणून बाईंना ‘तुम्ही’ म्हणायचं असतं, हे शिकवायला घेतलं. ‘तुम्ही’ म्हटलं की टोकाचा ‘स’ लागत नाही. तेवढीच माझी सोय.