नाव विचारणारा रस्ता

परभणीहून हैदराबादला मोटारीने जायचं म्हटलं की फोनमधला नकाशा क्षणात उत्तर देतो: नांदेड, देगलूर, संगारेड्डी, हैदराबाद. रस्ता बहुतेक चौपदरी, मध्ये टोलनाके, आणि सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला हैदराबादेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या खालाच्या नातीचा निकाह आहे. जाणार पाच जण: मी, मुलांचे अब्बा, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. गाडी मुलांचे अब्बा चालवतील, रस्ता ठरवायचं काम माझ्याकडे. मी ठरवलेला रस्ता असा: परभणी, गंगाखेड, अहमदपूर, उदगीर, बीदर. बीदरला एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी हैदराबाद.

शाळेतल्या सहकाऱ्यांना वाटलं, टोल वाचवायला चालले आहेत. हिशेब केला तर वाचत काहीच नाही. बीदरच्या दोन खोल्यांचं भाडं टोलपेक्षा जास्त होतं आणि दोन-अडीच तास जादा जातात ते वेगळेच. सरकारने 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी मोटारींसाठी वार्षिक पास काढला आहे (2025 मध्ये त्याची किंमत 3,000 रुपये होती), राष्ट्रीय महामार्गांवर वर्षभर किंवा 200 फेऱ्यांपर्यंत चालतो. रोज ये-जा करणाऱ्याला तो फायद्याचा. आमच्यासारख्यांना, वर्षातून दोनदा गाडी बाहेर काढणाऱ्यांना, पास काय आणि सुटा टोल काय, फरक थोडाच. पैसे हा मुद्दाच नाही.

मुद्दा घरातच निघाला. माझा मुलगा यंदा बारावीला आहे. नकाशा पाहून तो म्हणाला, "अम्मी, हायवेसेच चलेंगे. वहाँ कोई नाम नहीं पूछता."

मी त्याला रागावले नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. टोलच्या रस्त्यावर तुम्ही कोण याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, दांडी वर होते, गाडी पुढे जाते. नाक्याजवळ स्वच्छतागृह असतं, मोठ्या हॉटेलात पैसे दिले की चहा मिळतो. बुरख्यातल्या बाईकडेही कुणी फारसं पाहत नाही, कारण तिथला प्रत्येक जण परगावचा. छोट्या रस्त्यावर मात्र टपरीवर गाडी थांबली की पहिला प्रश्न, "कोण्या गावचे पाव्हणे?" दुसरा, "आडनाव काय?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना आमच्या घरातला प्रत्येक माणूस अर्धा क्षण थांबतो. पूर्वी थांबत नव्हता. हा अर्धा क्षण गेल्या काही वर्षांत आला आहे आणि तो कुठून आला हे वाचकांना सांगायची गरज नाही.

एका गावात आमची ओळखपत्रं पाहिल्यावर लॉजवरची रिकामी खोली अचानक भरलेली निघाली होती. तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याच्या लक्षात आहे. म्हणून त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

पण माझ्याही लक्षात काही आहे. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी एसटीने गेले होते. वाटेत बस थांबली तिथल्या टपरीवाल्याने हेच दोन प्रश्न विचारले. मी म्हणाले, शेख. तो म्हणाला, "मग मराठीच्या संमेलनाला कशा?" मी म्हणाले, "उर्दू शिकवते, मराठीही शिकवते." त्याने गल्ल्याखालून एक कागद काढला. पुतण्याचा नोकरीचा अर्ज होता. "मग एवढं शुद्धलेखन बघा ताई, बस सुटायला पाच मिनिटं आहेत." मी उभ्याउभ्या सात चुका काढल्या. चहाचे पैसे त्याने बरोबर घेतले, एक रुपया कमी नाही. मला ते फार आवडलं. आमच्या जगण्यातले बहुतेक प्रसंग असेच असतात. त्यांची बातमी होत नाही, आणि मुलाच्या फोनवर जे येतं त्यात असला अर्ज कधीच नसतो.

दोन्ही प्रसंग खरे आहेत. प्रश्न एवढाच की मुलाने पुढच्या आयुष्याचा रस्ता यांतल्या कुठल्या प्रसंगावरून ठरवायचा.

नवे रस्ते तर आणखी बंद होत चालले आहेत. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकीलासुद्धा प्रवेश नाही, आणि ठरलेल्या ठिकाणाशिवाय चढता-उतरता येत नाही. त्याला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आपल्या परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. असे रस्ते हवेतच. नांदेड किंवा संभाजीनगरच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा असेल तेव्हा मीही तोच रस्ता धरीन. पण त्यावरून जाताना गाव लागत नाही, गावाची पाटी लागते. आपण त्यांना पाहत नाही, ते आपल्याला पाहत नाहीत. मग एकमेकांची ओळख राहते ती फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरची.

आता प्रत्यक्ष रस्ता, कारण काही वाचकांना तिकडे जायचं असेल.

नकाशात टोल टाळण्याची सोय असते, तिच्यावर पूर्ण विसंबू नका. ती कधीकधी किलोमीटरभर वाचवायला पाणंदीत घालते. त्यापेक्षा गंगाखेड, अहमदपूर, उदगीर, बीदर असे थांबे आपणच क्रमाने टाकावेत. पाऊस संपल्यानंतर खड्डे कुठे बुजले आणि कुठे नाहीत हे नकाशा सांगत नाही. ते एसटीचे चालक सांगतात. परभणीच्या बसस्थानकावर दहा मिनिटं उभं राहिलं की सगळी माहिती मिळते.

फज्रनंतर निघायचं. पोखर्णीवरून गंगाखेड सुमारे 40 किलोमीटर. गोदावरी ओलांडली की संत जनाबाईंचं गाव. तिथून पुढे बालाघाटाच्या टेकड्या सुरू होतात. डिसेंबरात शेतात तूर उभी असते, ज्वारी पोटऱ्यात येत असते. याच दिवसांत उसाचे ट्रॅक्टरही रस्त्यावर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागे दिवा नाही. म्हणून माझा नियम एकच: मगरिबच्या आत मुक्कामाला पोचायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यामुळे वाटेत रेंगाळायला हवं तितकंच रेंगाळायचं.

अहमदपूरहून थोडं अंतर लातूर-नांदेड महामार्गाचं. शिरूर ताजबंदला तो सोडून उदगीरकडे वळायचं. जुहर उदगीरला. हनफी मसल्याप्रमाणे सुमारे 77 किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला निघालं आणि गावाची हद्द सोडली की चार रकातींच्या फर्जच्या दोनच राहतात. मुलगा या सवलतीवर खूश आहे. बायकांना नमाजेला जागा कुठे हा प्रश्न मात्र प्रत्येक प्रवासात असतो, कारण वाटेवरच्या बहुतेक मशिदींत आमची सोय नसते. मी एक चटई, पाण्याची पाच लिटरची कॅन आणि आडोशाला एक जुनी चादर बरोबर ठेवते. स्वच्छतागृहासाठी पेट्रोलपंप गाठायचा, थोडं पेट्रोल भरायचं आणि विचारायचं. नाही म्हणणारा पंपवाला मला अजून भेटलेला नाही.

उदगीरचा किल्ला मला मुलांना दाखवायचा आहे. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाचा पराभव केला. त्या लढाईत मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख होता इब्राहिमखान गारदी. पुढच्याच वर्षी तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि मारला गेला. मी हे वर्गात शिकवते तेव्हा मुलं एकमेकांकडे पाहतात. जागेवर उभं राहून सांगितलं तर जास्त पटेल.

उदगीर ते बीदर सुमारे 65-70 किलोमीटर. रस्त्यात राज्य बदलतं, पण ही रेघ 1956 ची आहे. त्याआधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 ला ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले, आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला. परभणीहून परळी, उदगीर, बीदर, विकाराबादमार्गे हैदराबादला जाणारी रेल्वेही याच दिशेने धावते. आमच्या घरातल्या जुन्या माणसांना हैदराबाद म्हणजे हीच वाट माहीत होती.

आणि याच वाटेची त्यांना भीतीही होती. सासूबाईंचं माहेर मूळचं उदगीरकडचं. 1948 मध्ये त्यांचे आई-वडील सगळं टाकून परभणीला आले. आधी रझाकारांनी या भागातल्या गावांवर अत्याचार केले, बीदर जिल्ह्यातलं गोरटा आजही त्यासाठी आठवलं जातं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि नंतर सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांत बरेच जण रझाकार नव्हतेच. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं दिली होती. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. घरात तर हा विषय त्याहून जास्त काळ बंद राहिला. सासूबाई एवढंच सांगतात की त्यांची आई मरेपर्यंत उदगीरला गेली नाही, रेल्वेने हैदराबादला जाताना उदगीर आलं की खिडकी लावून घ्यायची.

मी नकाशा दाखवला तेव्हा सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "उदगीर में कितनी देर रुकेंगे?" मी म्हणाले, दोन तास. त्या म्हणाल्या, "तीन रखो." थांब्यांच्या यादीत मी तीन लिहिले आहेत.

बीदरच्या अलीकडे मांजरा ओलांडायची. सकाळी गोदावरी, संध्याकाळी मांजरा. पुढे कंदकुर्तीला ती गोदावरीलाच मिळते. बीदरच्या पठारावर काळी माती संपून जांभ्याची लाल माती दिसू लागते. तिथे महमूद गवानचा मदरसा आहे, 1472 चा. तो बहमनी राज्याचा वजीर. बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद केला. मदरशाचा अर्धा भाग पुढे स्फोटात गेला, उरलेल्यावर निळ्या फरशांचे तुकडे अजून आहेत. शिक्षकाने ही इमारत एकदा पाहावीच. जवळच अष्टूरला अहमदशहा वलीची कबर आहे. त्याच्या उरुसात लिंगायत आणि मुसलमान दोघंही येतात.

बीदरची खोली मी फोनवर ठरवली आणि आमची पाचही नावं आधीच पूर्ण सांगितली. नकार द्यायचाच असेल तर तो परभणीत बसून ऐकलेला बरा, रात्री परक्या गावात मुलांसमोर नको. पलीकडच्या माणसाने नावं लिहून घेतली आणि विचारलं, "नाश्त्याला इडली चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी जहीराबादवरून हैदराबाद गाठायचं. हा शेवटचा टप्पा महामार्गाचाच, तिथे टोल लागतो, म्हणून फास्टॅगमध्ये पैसे ठेवायचे. नाहीतर जास्त भरावा लागतो.

मुलगा आता विरोध करत नाही, पण उत्साहीही नाही. काल त्याने विचारलं, टपरीवर आडनाव विचारलं तर काय सांगायचं. मी म्हणाले, जे आहे ते. पूर्ण नाव, गाव परभणी, बहिणीच्या निकाहला चाललो आहोत. आणि मग त्यांचंही नाव विचारायचं, ऊस कसा आहे ते विचारायचं. तो म्हणाला, "और वो आगे कुछ बोला तो?"

तर चहाचे पैसे द्यायचे आणि निघायचं. पुढे आणखी टपऱ्या आहेत.