मामांची ढोलकी आणि नवे यंत्र

2024 सालच्या गणेशोत्सवात माझ्या हातून एक प्रमाद घडला. वडोदऱ्यातील आमच्या मंडळाची सायंकाळची आरती सुरू व्हायची होती, तबकातील निरांजने पेटली होती, आणि मी ऑक्टोपॅडवर पहिला ठोका दिला. पखवाजाचा गंभीर नाद उमटायचा, त्याऐवजी नवरात्रातला गरब्याचा ढोल कडाडला! पुढच्या रांगेतील दोन मुलींनी तर सवयीने टाळीसाठी हात उचलले. यंत्रात पखवाज 36 क्रमांकाच्या घरात होता आणि ढोल 39 च्या. मंडपातील दिवे मंद केलेले, यंत्राचा पडदा आगपेटीएवढा, आणि माझे वय अठ्ठावन्न. गजाननाने हसून क्षमा केली असावी. मंडळाच्या अध्यक्षांना मात्र त्यासाठी दोन दिवस लागले.

त्याच रात्री नवे यंत्र घेण्याचा विचार माझ्या मनात शिरला.

लग्नात किंवा उत्सवात वाद्यवृंद ऐकणाऱ्यांनी हे वाद्य पाहिलेले असते, पण ते नेमके काय करते हे सहसा कोणी विचारीत नाही. रोलँड या जपानी कंपनीने 1985 साली आठ रबरी चौकोनांचे एक यंत्र काढले आणि त्याला ‘ऑक्टापॅड’ असे नाव दिले. आपल्याकडे त्याचा ऑक्टोपॅड झाला आणि पुढे त्या जातीच्या साऱ्या यंत्रांना तेच नाव चिकटले. माझ्याजवळ आहे ते एसपीडी-एसएक्स. ते 2011 साली बाजारात आले आणि मी 2012 मध्ये घेतले. त्याला पॅड नऊ आहेत, सहा रुंद आणि वरच्या कडेला तीन अरुंद. तरी आमच्या घरात तो ऑक्टोपॅडच.

हे यंत्र जातीने सॅम्पलर आहे. म्हणजे बाहेरचा कोणताही नाद त्याला ऐकवावा, त्याने तो साठवावा, आणि पॅडवर काठी पडताच जसाच्या तसा परत द्यावा. ध्वनीची लहर एका सेकंदात 44,100 वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसवून त्याचा आकडा लिहून ठेवायचा, एवढीच त्यातली विद्या. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू शकतो. त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, की मधले काही निसटल्याचे त्याला उमगत नाही. या युक्तीला पूर्वी जागेची फार चणचण असे. 1988 साली आलेल्या अकाई कंपनीच्या एमपीसी-60 या नामांकित यंत्रात मुळात सुमारे तेरा सेकंदांचाच नाद मावत असे, आणि तेवढ्यावर लोकांनी मोठमोठी गाणी उभी केली. माझ्या यंत्रात दोन गिगाबाइट आहेत, म्हणजे एकेरी ध्वनीचे सहा तास.

आणि त्या सहा तासांत कोठेतरी माझे मामा आहेत.

मामा साताऱ्याकडचे. तरुणपणी त्यांनी लोकनाट्याच्या फडात ढोलकी वाजवली, पुढे पोटासाठी वडोदऱ्याला येऊन गिरणीत लागले, आणि गिरणी सुटल्यावर पुन्हा ढोलकीकडे वळले. मी यंत्र घेतले तेव्हा त्यांना राग येईल असे मला वाटले होते. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले, रबरावर बोटांनी दोन बोल काढले आणि म्हणाले, “पुडी उतरत नाही, पावसात नरम पडत नाही. बरं आहे की रे!” 2013 च्या मे महिन्यात एका दुपारी मी त्यांच्या घरी ध्वनिग्राहक घेऊन गेलो. पंखा बंद केला, मामींना कुकर उतरवायला लावला, आणि घामाघूम होऊन आम्ही एकेक आघात टिपून घेतला. चाटेचा टणत्कार हलका, मध्यम, कडक. धुमेचा घुमारा मोकळा, दाबलेला, मनगटाने वर खेचलेला. एकंदर दोनशे बारा. शेवटच्या घुमाऱ्याचा नाद विरायच्या आतच मामांनी विचारले, “झालं का रे?” तेही यंत्रात गेले. मी ते कापले नाही. वाजवताना पुढचा ठोका त्याला झाकून टाकतो. पण तालमीत मध्येच थांबलो, तर फार खालच्या आवाजात ते ऐकू येते.

मामा 2016 साली गेले.

आता नव्या यंत्राची गोष्ट. त्याच मालिकेतले एसपीडी-एसएक्स प्रो 2022 मध्ये निघाले. दोन गिगाबाइटच्या जागी बत्तीस, शंभर किटच्या जागी दोनशे, सव्वाचार इंचांहून किंचित मोठा रंगीत पडदा, आणि प्रत्येक पॅडच्या दिव्याला आपल्या आवडीचा रंग. पखवाजाला केशरी, ढोलाला हिरवा असे ठरवले की चूक व्हायची सोयच नाही! मी अहमदाबादला जाऊन ते दुकानात वाजवून पाहिले. वाटले होते, काही ना काही खोट काढता येईल. निघाली नाही. अगदी बोटांच्या अग्राने केलेला हळुवार स्पर्शही ते ओळखत होते. दुकानदाराने सांगितलेला आकडा लाखाच्या घरातला होता. आमच्या कन्येचे फिजिओथेरपीचे शेवटचे वर्ष, आणि मंडळ दहा दिवसांचे मानधन म्हणून जे पाकीट देते ते तिच्या एका महिन्याच्या खानावळीलाही पुरत नाही. पाकिटाविषयी माझी तक्रार नाही. पण हिशेब हिशेबाच्या जागी करावाच लागतो.

म्हणून एका रविवारी मी कागद घेऊन बसलो. एका मिनिटाच्या एकेरी ध्वनीला सव्वापाच मेगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. मामांचे दोनशे बारा आघात मिळून सुमारे पंचवीस मेगाबाइट. म्हणजे ज्यासाठी मी या यंत्राला जिवापाड जपतो, ते त्याच्या पोटाचा ऐंशीवा हिस्सा! बाकी सगळे ढोल, ताशे, पखवाज, झांजा धरूनही अर्धे पोट रिकामेच. बत्तीस गिगाबाइट घेऊन मी काय भरणार होतो? सबंध गाणीच आत ठेवून नुसते एक बटण दाबायचे असेल तर गोष्ट निराळी. तसे करणारे आहेत, पण मग काठ्या हातात धरण्याचे नाटक तरी कशाला करावे?

सौभाग्यवतींनी तो कागद पाहिला. “अहो, पण तुम्हाला तो आकडाच दिसला नव्हता ना?”

“नव्हता.”

“मग आधी डोळे तपासून घ्या.”

लाखाच्या प्रश्नाचे उत्तर असे साडेतीन हजारांत निघावे, याचा मला थोडा अपमानच वाटला. तथापि मी गेलो. हाताच्या अंतरावर ठेवलेल्या वस्तूसाठी चष्म्याचा वेगळा क्रमांक लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

प्रकरण येथेच संपायचे, पण मामांचा नातू घरी आला. बावीस वर्षांचा मुलगा. हातात लय आहे. म्हणाला, “काका, तुम्ही नवीन घ्या आणि जुनं मला द्या. आजोबा त्यात आहेत.” मी नाही म्हणालो, आणि ज्या त्वरेने म्हणालो तिची मलाच लाज वाटली. त्या रात्री यंत्राकडे पाहत असताना ध्यानात आले, की तेरा वर्षे हा ठेवा एकाच ठिकाणी आहे आणि दर उत्सवात मी तो टेम्पोत घालून खड्ड्यांतून नेतो. आम्ही कॅसेटच्या काळात वाढलेली माणसे. नकलेची नक्कल केली की सुरसुर वाढते आणि मूळ ते मूळच, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले. पण येथे साठवलेले असतात ते आकडे, आणि आकड्यांची नक्कल मुळाहून तसूभरही कमी नसते. मी यंत्राला पेनड्राइव्ह जोडला, चहा संपायच्या आत सारे उतरून निघाले. नंतर संगणकावर एक प्रत ठेवली, आणि एक पेनड्राइव्ह नातवाच्या हातात दिला.

त्याने तो खिशात टाकला व विचारले, “आणि यंत्र?”

त्यांच्या घरी खुंटीवर मामांची ढोलकी नऊ वर्षे टांगलेली होती. चाटेकडची पुडी फाटलेली, धुमेकडच्या पुडीचा मसाला सुकून तडकलेला. यंत्राकरिता म्हणून मी थोडे पैसे बाजूला काढू लागलो होतो. त्यातले काही घेऊन आम्ही दोघे ती कारागिराकडे घेऊन गेलो. दोन्ही पुड्या नव्या चढल्या. आता तो दर शनिवारी आमच्याकडे येतो. मी पेनड्राइव्हवरचा एक आघात ऐकवतो आणि तो ढोलकीवर तसा काढू पाहतो. चाट बऱ्यापैकी वठू लागली आहे. धुमेचा तो खेचलेला घुमारा त्याला अजून साधत नाही, आणि मलाही शिकवता येत नाही, कारण मनगट नेमके कधी वळवायचे ते त्या आकड्यांत नाही. त्याच्या बोटांची पेरे सुजली आहेत. मामी त्यांना हळद लावून देतात आणि मला बोल लावतात.

नवे यंत्र यंदा घेतले नाही. आणखी दोन वर्षांनी मुलगी कमवू लागल्यावर विचार पुन्हा डोके वर काढील, हे मला माहीत आहे. त्या रंगीत दिव्यांची भूल अजून उतरलेली नाही. तोपर्यंत 36 आणि 39 या घरांमध्ये मी दहा घरांचे अंतर टाकले आहे, आणि मंडपात उभा राहिलो की चष्मा बदलला का, हे सौभाग्यवती पहिल्या रांगेतून खुणेने विचारून घेतात.