लोणार : खिशातला खडा

लोणारच्या काठावरून वाटाड्यामागे उतरताना झाडी दाट होत जाते आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर दिसेनासे होते. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी याला ज्वालामुखीचे मुख मानले. भोवती सगळा बेसाल्टच असल्याने तो तर्क वेडगळ मुळीच नव्हता. १९७३ साली मात्र येथील खडकांत मॅस्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आघाताच्या प्रचंड दाबाने फेल्डस्पारची काच होते, ती ही. ज्वालामुखीत असा दाब निर्माणच होत नाही. उल्कापाताची साक्ष अखेर खडकातल्या बारीक कणांनी दिली.

हे ऐकत असतानाच एका विद्यार्थ्याने वाटेवरचा काळा खडा हळूच खिशात टाकला. वाटाडा थांबला. काही न बोलता त्याने हात पुढे केला.