काळ्या पडद्यावर आपलं नाव

उबंटू सुरू होताना पडद्यावर चिन्ह दिसतं आणि खाली काहीतरी गोल फिरत राहतं. हे नुसतं पांघरूण. प्लायमाउथ नावाचा प्रोग्राम ते घालतो. फेडोरात तो २००८ साली आला, उबंटूत २०१० साली. एस्केपची कळ दाबली की बहुतेक वेळा पांघरूण सरकतं आणि काळ्या पडद्यावर ओळी धावू लागतात. हिरवं ओके म्हणजे काम सुरू झालं, लाल फेल्ड म्हणजे अडलं. मला हा काळा पडदाच जवळचा वाटतो. चक्र बिघाड झाला तरी फिरतच राहतं. ओळ निदान कुठं अडलं ते सांगते.

आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स आहे. मुलांना मी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबायला लावतो. चित्रं, माऊस सगळं जातं, उरतो लॉगिन मागणारा कन्सोल. एकदा एका मुलीनं तिथं स्वतःची फाइल उघडली. वर उर्दूत नाव, खाली मराठीत. दोन्ही जागी नुसत्या सारख्याच खुणा.

"सर, इसमें अपना नाम कायको नहीं आता?"

नाव फाइलीत शाबूत होतं, कन्सोलला ते काढता येत नव्हतं. कर्नलचा कन्सोल पडद्याला चौकटींची जाळी समजतो. डावीकडून उजवीकडे, एका चौकटीत एक अक्षर. फॉन्टमध्ये आकार जास्तीत जास्त ५१२. ही मर्यादा जुन्या व्हीजीए टेक्स्ट मोडमधून आलेली. इंग्रजीला एवढे आकार रग्गड झाले. आपल्या 'कि'मधली वेलांटी मात्र क नंतर साठवतात आणि आधी काढतात. उर्दू तर उजवीकडून येते, जागेप्रमाणे अक्षराचं रूप बदलतं, आणि नस्तालीकमध्ये शब्द तिरका खाली उतरतो. १९८१ साली नूरी नस्तालीक तयार झाला तेव्हा त्यासाठी हजारो जोडरूपं काढावी लागली होती. ती ५१२ घरांत कुठं बसवणार? कर्नलबाहेर कन्सोल नेण्याचे प्रयत्न झाले, केएमएसकॉन त्यातलाच. पण जाळी तिथंही आहे. डेबियन मराठीतून बसवायचं तर चित्रमय इन्स्टॉलरच घ्यावा लागतो.

कुणी म्हणेल, काळ्या पडद्यावर कोण काम करतं? रोज कुणी नाही. पण यंत्र बिघडतं तेव्हा तोच समोर येतो, आणि तोही इंग्रजीत. घरात इंग्रजी नसलेलं मूल नेमकं तिथं हात मागे घेतं. शेजारचा मुलगा पुढं होतो, आणि पुढच्या वेळीही तोच.

म्हणून आम्ही संगणकांमागच्या भिंतीवर तक्ता लावलाय. स्टार्टेड: शुरू हुआ, सुरू झालं. फेल्ड: नाकाम, अयशस्वी. 'माउंट'वर मात्र वर्गात अजून भांडण चालू आहे. त्या मुलीला 'जोडलं' हवंय. मागच्या बाकावरचे म्हणतात, डोंगरच राहू द्या, सर.