रा. रा. इस्पिकचे गुलाम यांस

स. न. वि. वि.

एवढ्या जुन्या नोकरदाराला अरेतुरे करवत नाही, म्हणून अहोजाहो करतो. पत्र चारचौघांत वाचलं जावं अशी इच्छा आहे, कारण तुमचा अपमानही चारचौघांतच होत आला. चाळीच्या गॅलरीत, गणपतीच्या जागरणाला आणि कल्याणहून सुटणाऱ्या जलद लोकलमध्ये, चौघांच्या गुडघ्यांवर आडव्या टाकलेल्या ब्रीफकेसवर.

आमची तुमची ओळखच मुळी चोरीच्या प्रकरणात झाली. चारांतला एक गुलाम बाजूला काढायचा, जोड्या लागतील तशी पानं टाकत जायची आणि शेवटी ज्याच्या हाती बिनजोडीचा गुलाम उरेल तो गुलामचोर. इंग्रजांची पोरं अशाच खेळात राणी काढतात, तेव्हा हसं होतं ते राणीचं. फ्रान्समध्ये मात्र किलवरचा गुलाम बाहेर ठेवतात आणि नेमके तुम्ही, इस्पिकचे, एकटे पडता. एकाच पानाशी दोन देशांतल्या पोरांनी असं वागावं, याचं मला नवल वाटतं.

वास्तविक तुमची जागा राजाच्या नायबाच्या खालोखालची. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातले पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेले आहेत. त्यांत राजा, नायब आणि दुय्यम नायब अशी तीन मानाची पानं. राणी नाहीच. माणसाचं चित्रही नाही, नक्षीत हुद्दा लिहिलेला. असे पत्ते युरोपात पोहोचले, त्यांना चेहरे आले, पुढे फ्रेंचांनी राणी बसवली आणि तिसऱ्या जागेवर तुम्ही उरलात. गंमत पुढेच आहे. हे मामलुक स्वतः विकत घेतलेले गुलाम-सैनिक किंवा त्यांच्या घराण्यातले. १२५० ते १५१७ त्यांनीच इजिप्तवर राज्य केलं. गुलामांनी मिळवलेल्या राज्यात गुलामाचं पान नव्हतं, आणि आमच्याकडे मात्र दर गड्डीत चार!

आमच्याकडे असं कुणी झालं नाही असं समजू नका. इथिओपियातून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी वसवलं, आज आपण त्याला संभाजीनगर म्हणतो. १६२६ला तो वारला तोवर मुघलांना त्याने दख्खनेत सुखाने झोपू दिलं नाही. जहांगीर इतका कावला होता की भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्रच त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. आमचं कल्याण १६३६पर्यंत त्याच निजामशाहीच्या मुलखात होतं. तेव्हा राजावर गुलाम मारण्याचा हा डाव आमच्या ओळखीचा असायला हवा होता.

त्या मुघलांच्या पत्त्यांत, म्हणजे गंजिफात तर ‘गुलाम’ हा आख्खा रंगच होता. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजल सांगतो की या रंगाचा राजा हत्तीवर बसलेला आणि खालच्या पानांवर सेवक, कुणी बसलेले, कुणी लोटांगण घालणारे, कुणी प्यायलेले, कुणी शुद्धीत. (शुक्रवारी रात्री कर्जत लोकलचा डबा पाहिला की मला हेच वर्णन आठवतं.) सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात हे सेवक गेले, दहा अवतारांचे दहा रंग आले, १२० पानं झाली. तिथे राजा आणि प्रधान यांवरच काम भागतं.

तुमचं फ्रेंच नाव ओजिए, शार्लमेनच्या कथांमधला डेन्मार्कचा वीर. फ्रेंच क्रांतीत राजे-राण्या गड्डीतून हाकलले तेव्हा तुमच्या जागी ‘समता’ छापली गेली. थोड्याच वर्षांत राजे परत आले आणि समता गेली. एकोणिसाव्या शतकात तुमचे पायही गेले. पान उलटं आलं की खेळाडू ते सुलटं करी आणि हातात चित्र आहे हे समोरच्याला कळे, म्हणून दोन्हीकडे डोकं छापलं. कोपऱ्यातलं तुमच्या इंग्रजी नावाचं लघुरूप राजाच्या लघुरूपासारखं दिसतं म्हणून तेही बदललं. १८६४ला अमेरिकेत सॅम्युएल हार्टच्या गड्डीवर ‘जे’ आलं. दर वेळी सोय दुसऱ्याची आणि बदल तुमच्यात. एक डोळा मात्र कुणी काढून घेतलेला नाही, तुम्ही बाजूने बसलात म्हणून तो दिसत नाही एवढंच.

तरी डावात तुमची गरज पडतेच. मेंढीकोटात हुकूम सोडला तर मेंढी, म्हणजे दश्शी, मारू शकणारं सर्वांत हलकं पान तुमचं. रमीत राजा, राणी आणि तुम्ही, तिघांचेही दहाच गुण. आणि बदाम सातमध्ये? दश्शी लागलेली असते, राजा-राणी हातात घेऊन माणूस घामाघूम होतो आणि कुणीतरी तुम्हाला दाबून बसतो. साहेबाच्या सहीची फाइल हेडक्लार्कच्या टेबलावर अडकावी, तसे राजेसाहेब खोळंबतात. मला विचाराल तर तुमचा खरा हुद्दा हाच आहे.

डब्यातला हा दरबार आता आटला. पूर्वी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की हातातली पानं छातीशी धरायची, कारण अंधारात शेजाऱ्याची मान लांब होते. आता जलद गाडी कळवा-मुंब्र्यावरून जाते, ब्रीफकेस टेकवायला गुडघे सापडत नाहीत आणि रमी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर चालते. तिथे तुम्हाला पिसणारा हात नाही, दाबून धरणाराही नाही.

एक सुचवतो. डोंबिवलीत मल्याळी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांच्याकडचा ‘अठ्ठावीस’ नावाचा खेळ आहे. त्यात सर्वांत वरचं पान गुलाम, तीन गुणांचं. मग नव्वी दोन गुणांची, एक्का आणि दश्शी एकेक गुणाची. राजा-राणीला शून्य. आमच्या डब्यातल्या दोघांनी शिकवायचं कबूल केलं आहे, चौथा गडी अजून मिळायचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पासधारक, डोंबिवली (पूर्व)