न फोडलेलं पुडकं

भिवंडी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. बाळू यास,


काल सोनं द्यायला तुमच्याकडे गेलो होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. तू म्हणालास, "काका, डिग्रीचं नंतर बघू, आधी ही अग्निवीराची चार वर्षं तर निघू देत." मी नुसतं "बरं" म्हणून फोन वहिनींकडे दिला. तेव्हा बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि सणाच्या दिवशी तुझ्या आईसमोर ते नको होतं. घरी आल्यावर रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. शेजारच्या कारखान्यातले माग चालू असले की मला झोप लागते, पण कालच्या दिवशी तेही बंद.

तुमच्याकडून निघण्याआधी वहिनींनी माळ्यावरून पाट काढायला सांगितला, तेव्हा तिथे इग्नूचं पुडकं दिसलं. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नाही. सुताची धूळ इतकी बसली होती की तुझं नाव बोटाने पुसून वाचावं लागलं. गेल्या सुट्टीत याचाच फॉर्म भरायला आपण दोघं बसलो होतो ना? सहीसाठी पेन मी दिलं होतं.

रागावलोय, आणि ते तू ऐकून घ्यायचं आहेस. 'नंतर' हा शब्द फौजेत जितका ऐकला तितका मी कुठे ऐकला नाही. पीस पोस्टिंग आलं की बघू, कॅडर झाला की बघू, बहिणीचं लग्न उरकलं की बघू. मीही तेच म्हणत गेलो. माझी काळी पेटी तुला ठाऊक आहे, लहानपणी तिच्यावर बसून तू गाडी चालवायचास. तिच्या तळाशी मुक्त विद्यापीठाचं एक पुस्तक अजून आहे, कंदिलाच्या काजळीने कडा काळ्या झालेलं. शेवटच्या वर्षाचा एकच पेपर राहिला माझा. सुट्टीच्या तारखा आणि पेपरच्या तारखा एकदा जुळल्या नाहीत, दुसऱ्यांदा जुळल्या नाहीत, मग मी जुळवायचंच सोडलं.

तू म्हणशील, काकाचं काय अडलं? अडलं रे. पण माझ्याजवळ निदान एक कागद होता. दहावी झालेल्या माजी सैनिकाची १५ वर्षं सेवा झाली असेल, तर केंद्र सरकारच्या गट 'क'च्या ज्या राखीव जागांना पदवी लागते, त्यातल्या तांत्रिक सोडून बाकीच्यांना तो पात्र धरला जातो. माझी १७ झाली होती, त्याचा तो कागद. पण तो कागद सरकारी फॉर्मवर चालतो. मानकोलीच्या बाजूला एका गोदामात सुपरवायझरची जागा होती, तिथल्या मुलाने तो उलटून पाहिला आणि "ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट?" एवढंच विचारलं. नऊ वर्षं मी त्या गोदामाच्या गेटवर काढली. तुझी तर चारच वर्षं आहेत, बाळू. १५ वर्षांचा नियम तुला लागू कसा होणार? १०० अग्निवीरांतले फार तर २५ पुढे राहतात. बाकीच्यांना सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पैसे येतील आणि ताईच्या लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये जातील, ते मी आत्ताच सांगतो. पदवीला कोणी हात लावू शकत नाही.

आणि ती मिळवायला आकाशपाताळ एक करावं लागत नाही. २०२२ साली अग्निवीरांची योजना जाहीर झाली त्याच महिन्यात त्यांच्यासाठी इग्नूच्या वेगळ्या पदवीची घोषणा झाली. तीन वर्षांची पदवी, त्यातले अर्धे क्रेडिट तुमच्या फौजेतल्या प्रशिक्षणाचे. म्हणजे पहाटे पीटीला पळतोस, हत्यार खोलतोस, वायरलेसवर बसतोस, ते सगळं धरलं जातं. उरलेल्या अर्ध्यासाठी भाषा, इतिहास, अर्थशास्त्र असले विषय आहेत. एक वर्ष झालं तर सर्टिफिकेट, दोन झाली तर डिप्लोमा. आमच्या वेळी पळलेलं पळण्यात गेलं, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तुमचा ठेवतात, आणि तू पुडकं माळ्यावर टाकून जातोस!

तुझ्याबरोबरचा तो सोलापूरचा मुलगा म्हणतो ना, जवानाला पुस्तकाचं काय काम? त्याला माझं नाव घेऊन सांग, सुभेदार रामजी सकपाळ कोण होते ते विचारून ये. पलटणीत सक्तीचं शिक्षण होतं म्हणून आंबडव्याच्या त्या घराण्यात अक्षर आलं. रामजीबुवा पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर झाले. पुढे परळच्या एका खोलीत मुलाला रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवणारा बाप तोच. १८९१ साली महूच्या छावणीत जन्मलेल्या त्या मुलाने देशाची घटना लिहिली. छावणीत पुस्तक शिरलं की ते तिथेच थांबत नाही, घरी येतं, मुलाबाळांत उतरतं. हे मी तुला पहिल्यांदा सांगत नाही, पण ऐकलंस कधी? आणि ज्या विद्यापीठाचं पुस्तक माझ्या पेटीत आहे, १९८९ साली नाशिकला निघालेलं, त्याला नाव यशवंतराव चव्हाणांचं. ६२ च्या युद्धात पंडितजींनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं तेच यशवंतराव. संरक्षणमंत्र्याच्या नावाच्या विद्यापीठात एका जवानाचा पेपर राहावा, हे मला आजही खुपतं.

तुमच्या युनिटमध्ये एज्युकेशन हवालदार असेल. पचमढीला शिकून आलेली ही माणसं, त्यांचं कामच हे. लाजू नकोस, जाऊन भेट. डिसेंबरच्या परीक्षेचं आणि सुट्टीचं आधी त्यांच्या कानावर घाल, तोंडी नको, लिहून दे.

आणखी एक. काल तुझा आवाज बसलेला होता. "जेवलो" म्हणालास ते कसं म्हणालास ते मला कळतं. वहिनींना तू अजून जुन्याच जागेचं नाव सांगतोस, मी काही बोललो नाही. पण मागून वारा ऐकू येत होता आणि तसला वारा कुठे असतो ते मी विसरलेलो नाही. अभ्यास नको म्हणतोस ते आळसाने म्हणतोस की दमलास? दमला असशील तर तसं सांग. मग हे सगळं पत्र बाजूला ठेव आणि आधी झोप घे, पायमोजे कोरडे ठेव. दोघातिघांनी मिळून एकेक पान वाचलं तरी चालतं, आम्ही एका कंदिलावर तिघं बसायचो.

पुडकं मी आज सकाळी फोडलं. सगळ्यात वर इतिहासाचं होतं. पहिली वीस पानं मी वाचली, पेन्सिलीने खुणा केल्यात, त्या खोडू नकोस. तेवढं एक आणि भाषेचं एक अशी दोनच पोस्टाने पाठवतोय. बाकीची माझ्या पेटीत ठेवली आहेत. वहिनींनी चकल्या दिल्यात, पुस्तकांना तेल लागू नये म्हणून त्या वेगळ्या डब्यात आहेत. लोकरीचे हातमोजे खाली तळाला आहेत, ते आधी काढ.

पोचलं की फोन कर. पण आईशी आधी बोल.

तुझा,
काका