रक्ताचं देणं

मुळशीचं धरण मे महिन्यात पाहावं. पावसाळ्यात ते सगळेच पाहतात. ताम्हिणीच्या रस्त्यावर गाडी कडेला लावायची, भाजलेलं कणीस हातात घ्यायचं, ढग पाण्यावर उतरताना बघायचे आणि फोटो काढून अंधाराच्या आत घर गाठायचं. मे महिन्यात इकडे फारसं कुणी फिरकत नाही. पाणी खाली गेलेलं असतं, काठची तांबडी माती उघडी पडून तडकलेली असते, आणि त्या मातीत मधूनच एखादा घडीव चिरा वर आलेला दिसतो. वर रानात करवंदाच्या जाळ्या पिकून काळ्या झालेल्या असतात. काठाशी गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यांनी मला एकदा काठीनं पाण्याकडे दाखवलं होतं. "ती तिथं आमच्या आज्याची खाचरं. आंबेमोहोर पिकायचा. घरात शिजला की वाटेवरच्याला वास यायचा म्हणं." त्यांनी स्वतः ती खाचरं कधी पाहिली नव्हती. तरी काठी नेमक्या जागी थांबली होती.

नीला आणि मुळा या नद्यांचं पाणी अडवायचं, ते सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर वीज करून मुंबईला न्यायची, या बेतानं १९१९ साली टाटा पॉवर कंपनी उभी राहिली. मावळ्यांना न विचारता जमिनीत चर खणले जाऊ लागले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीनं उभे होते. माणसं तुरुंगात गेली, खाचरं पाण्यात गेली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर चालू झालं आणि मुंबईच्या गिरण्या, ट्रामगाड्या आणि दिवे यांच्यात मुळशीचं पाणी वीज होऊन पोचलं. टाटा उद्योगाची सूत्रं तेव्हा सर दोराबजी टाटांच्या हातात होती.

आजही या तालुक्यात टाटांचं नाव निघतं ते दोन कारणांनी. एक हे धरण, आणि दुसरं मुंबईत परळचा कर्करोगाचा दवाखाना. माझी सारी नोकरी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, स्लाइडी रंगवण्यात गेली. निवृत्तीनंतर पौडच्या बाजूला राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण गावात कळायला वेळ लागत नाही. "काका, जरा बघता का, काय लिहिलंय," म्हणत कुणी ना कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिपोर्ट घेऊन येतं. बहुतेकदा साखर असते, थायरॉइड असतो. एका संध्याकाळी शेजारच्या वाडीतला एक बाप आला, आणि पांढऱ्या पेशींचा आकडा बघून मी कागद उगाचच दोनदा उलटसुलट केला. "पेशी वाढल्यात म्हणले डॉक्टर. पोरगं तर परवापर्यंत नदीवर पोहत होतं." मी त्यांना पाणी दिलं. पुढच्या आठवड्यात वाडीत एवढंच ऐकू आलं, "त्याला टाटाला नेलंय." त्यापुढं कुणी काही विचारलं नाही.

त्या पोराच्या रक्तात काय दिसलं असेल ते मला न बघताही दिसत होतं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढून पातळ थर करायचा, वाळला की त्यावर लीशमनचा रंग घालायचा, धुवून तेलाच्या थेंबाखाली शंभराच्या भिंगानं बघायचं. निरोगी रक्तात गुलाबी तांबड्या पेशींचं सडासंमार्जन केलेलं अंगण असतं आणि त्यात मधूनच एखादी जांभळी पांढरी पेशी, तीही प्रत्येक वेगळ्या घाटाची. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, मात्र एकाच घाटाच्या पेशी दाटीनं बसलेल्या दिसतात. मोठं गोल केंद्रक, त्याच्याभोवती निळसर कडेची अगदी बारीक पट्टी, केंद्रकात एखाददुसरा फिकट ठिपका. त्यांना ब्लास्ट म्हणतात. वयात न आलेल्या, काम न शिकलेल्या, नुसत्या वाढत सुटलेल्या पेशी. त्या दिसायला सुंदर असतात, हे म्हणायला जीभ कचरते. पण असतात.

ल्युकेमियानंच १८ जून १९३१ रोजी लेडी मेहेरबाई टाटा गेल्या. मायदेशापासून दूर, वेल्समध्ये. दोराबजींची ही पत्नी साडी नेसून टेनिस खेळणारी, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरलेली, बालविवाहाविरुद्ध बोलणारी. नवऱ्यानं तिला ज्युबिली हिरा घेऊन दिला होता. २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. टाटांचा पोलाद कारखाना बुडायची वेळ आली तेव्हा १९२४ साली तोही गहाण पडला होता. पण ल्युकेमियापुढे गहाण टाकण्यासारखं जगात काही नव्हतं, कारण विकत घ्यायला औषधच नव्हतं. दोराबजींनी १९३२ साली तिच्या नावानं न्यास केला, तो प्रामुख्यानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, कुठल्याही देशातल्या संशोधकाला मदत करणारा. त्याच वर्षी जूनमध्ये तेही गेले. पुढे हिरा विकला गेला, पैसा त्यांच्या दुसऱ्या न्यासाकडे आला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरिअल रुग्णालय उघडलं.

मुळशीच्या काठावर बसून हे सगळं आठवलं की माझी पंचाईत होते. ज्यांच्या धरणानं गावं बुडवली त्यांच्याच दुःखातून हा दवाखाना उभा राहिला. एकाच्या नावानं दुसरं माफ करता येत नाही, आणि एकाच्या रागानं दुसरं नाकारताही येत नाही.

मेहेरबाई गेल्या त्याच १९३१ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मुंबईत हाफकिन संस्थेत राहून त्या गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटसारख्या स्वस्त पदार्थानं, या बायकांचं रक्त भरतं, असं त्यांना आढळलं. त्या अर्कातला अज्ञात घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिसलं की ल्युकेमियाच्या मुलांना हे आम्ल दिलं तर आजार भडकतो. मग त्याची वाटच अडवली तर? आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाला चकवणारी रसायनं तयार झाली. १९४८ साली फार्बर यांनी लिहिलं, सोळा अत्यवस्थ मुलांपैकी दहांना उतार पडला. तो टिकला नाही, मुलं गेली. सुब्बारावही त्याच वर्षी गेले. पण त्या कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या मुलांना दिलं जातं. गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुठे नोंदलेली मला माहीत नाहीत. त्यांच्या रक्तापासून निघालेला हा धागा आहे.

आपल्या पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, याही ल्युकेमियाच्या शोधाला लागल्या. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास. पुढे मुंबईत वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या. जॉन्स हॉपकिन्सला जाऊन शरीराबाहेर पेशी जगवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटली. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर त्यांनी ल्युकेमिया आणि स्तनाच्या कर्करोगाची कारणं शोधली. पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर मात्र त्या नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी करत हिंडल्या. हे मला त्यांच्या सगळ्या शोधांइतकंच मोठं वाटतं.

पण ल्युकेमियाचं खरं कोडं वेगळंच होतं. शरीरात टी-पेशी गावच्या जागल्यासारख्या रात्रंदिवस फिरत असतात, परका दिसला की धरतात. मग ल्युकेमियाची पेशी त्यांच्या हातून सुटते कशी? कारण ती परकी नसतेच. ती आपल्याच अस्थिमज्जेत जन्मलेली असते, आणि आपल्यांवर हात टाकायचा नाही हे टी-पेशींना कोवळेपणीच शिकवलेलं असतं. १९८३ साली टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. जगभरच्या अशा प्रत्यारोपणांतून हळूहळू कळत गेलं की दात्याच्या प्रतिकारपेशीही उरलेला ल्युकेमिया हुडकून मारतात. तेवढं परकेपण औषधाचं काम करतं.

मग पुढचा विचार आला: परक्याच्या कशाला, रुग्णाच्याच टी-पेशींना ओळख पटवून द्यावी. रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या. एचआयव्हीच्या कुळातल्या, पण नांगी काढलेल्या विषाणूच्या पाठीवर एक जनुक घालून त्यांच्यात सोडायचं. त्यातून पेशीच्या अंगावर एक नवा ग्राही उगवतो आणि बी-पेशींवरची, त्यांच्यापासून होणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींवरचीही, सीडी१९ ही खूण त्याला बरोबर सापडते. अशा पेशी वाढवून, गोठवून ठेवायच्या आणि वेळ आली की शिरेतून परत द्यायच्या. याला कार-टी उपचार म्हणतात. पवईला आयआयटीत राहुल पुरवार आणि टाटा मेमोरिअलमध्ये हसमुख जैन, गौरव नरूला यांनी तो देशात घडवला. ४ जून २०२१ रोजी खारघरला टाटांच्याच केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावानं परवाना मिळाला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी त्याचं लोकार्पण केलं. बघायला काही भव्य नसतं. एक छोटी पिशवी, कोमट पाण्यात वितळवलेली, थोड्याच वेळात रिकामी होणारी. गोठवताना घातलेल्या द्रव्यामुळे रुग्णाच्या श्वासाला काही काळ लसणासारखा वास येतो. पुढचे दिवस मात्र धास्तीचे. लढाई पेटली की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. सगळ्यांना गुण येतो असंही नाही, आणि आलेला टिकेलच याची हमी नाही.

परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. कौतुक करावं तेवढं थोडं. पण ज्या वाडीतून तो बाप आला तिथे तीस लाखांचा अर्थ सगळी जमीन असा होतो, आणि जमीन तर एकदा गेलेलीच आहे. शासनाच्या जनआरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा ५ लाखांची. या विद्येची किंमत आधीच पुष्कळांनी मोजली आहे. मेहेरबाईंनी, गिरणीतल्या बायकांनी, त्या सोळा मुलांनी. मुंबईच्या दिव्यांसाठी खाचरं सोडणाऱ्यांचाही तिच्यात वाटा आहे असं मी मानतो. तेव्हा ती मुळशीच्या माणसाला परवडेल अशी करणं हा उपकार नव्हे, ती परतफेड आहे.

ती परतफेड सरकारांनी आणि संस्थांनी करायची आहे. आपल्या हातात असलेलं काम साधं आहे. ल्युकेमियाच्या मुलाला केमोथेरपी चालू असताना प्लेटलेट्स लागतात, पुन्हा पुन्हा लागतात. वाडीतल्या त्या पोरासाठी गावातली चार तरणी पोरं पहाटेच्या एसटीनं मुंबईला गेली होती. पोरगं आता शाळेत जातं. प्लेटलेट्स द्यायला दंडाला सुई लावून तास-दीड तास बसावं लागतं, एवढंच. आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी मूळपेशी देणाऱ्यांच्या नोंदणीत नाव घालायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा लागतो. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. उरलेल्यांना अनोळखी माणसाचाच आधार. तेव्हा जवळच्या मोठ्या रक्तपेढीत जा, प्लेटलेट्ससाठी नाव द्या, आणि बोलावणं आलं की जा. एकदा देऊन भागत नाही, कारण प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात.